१० जिंकले, ३४ हरले: डॅलस विंग्जच्या चाहत्यांसाठी धागा

रंकाळावेस

नमस्कार मंडळी.

क्रीडा विभागात क्रिकेटचे धागे मोजता येणार नाहीत एवढे आहेत, फुटबॉलचे आहेत, कुस्तीचा एक जुना धागा अजून अधूनमधून वर येतो. बायकांच्या व्यावसायिक बास्केटबॉलवर मात्र शोधून काही सापडलं नाही, म्हणून हा काढतेय. डब्ल्यूएनबीए, म्हणजे अमेरिकेतली बायकांची बास्केटबॉल लीग, बघणारं कोणी असेल तर या, बसा. डॅलस विंग्जचं कोणी असेल तर फारच आनंद.

माझा संघ विंग्ज. २०२५ च्या हंगामात ४४ सामने, १० जिंकले, ३४ हरले. शिकागो स्कायचाही हिशेब तोच, म्हणजे १३ संघांत हे दोघे तळाला. त्याच्या आदल्या वर्षी ४० पैकी ९. दोन वर्षांत ८४ सामने आणि विजय १९. हे सगळं मी कोल्हापुरात बसून बघितलंय आणि पुढच्या मे महिन्यातही बघणार आहे. घरचे, ऑफिसातले, सगळे एकच विचारतात: का? त्याचं उत्तर नीट लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं.

डॅलसमध्ये माझं कोणी नाही. मी त्या संघापर्यंत पोचले ती अरीके ओगुनबोवालेमुळे. २०१८ च्या अमेरिकन कॉलेज स्पर्धेत नोत्र दामकडून खेळताना तिनं उपांत्य फेरीत कनेटिकटविरुद्ध शेवटच्या सेकंदाला बास्केट मारून सामना काढला, आणि एक दिवस सोडून अंतिम सामन्यात मिसिसिपी स्टेटविरुद्ध पुन्हा तेच केलं. घड्याळात ०.१ सेकंद उरला होता. शाळेत, कॉलेजात मी स्वतः खेळलेय. शेवटच्या ताब्याला चेंडू हातात आला की तो दुसऱ्याला देऊन मोकळं व्हावंसं वाटतं, हे खेळलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. ही पोरगी तो चेंडू मागून घेत होती. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीनं नव्या खेळाडू निवडतात तो) विंग्जनं तिला पाचव्या क्रमांकावर घेतलं आणि मी तिच्या मागोमाग डॅलसला गेले.

पहिल्याच हंगामात १० विजय, २४ पराभव. २०२० ला कोरोनामुळे सगळी लीग फ्लोरिडात एका जागी बंदिस्त खेळली. त्या वर्षी अरीकेनं सामन्याला सरासरी २२.८ गुण केले, सगळ्या लीगमध्ये पहिली. आणि संघ ८-१४, म्हणजे ८ विजय, १४ पराभव. प्लेऑफ, म्हणजे अजिंक्यपदाची बाद फेरी, एका सामन्यानं हुकलं. लीगमधली सगळ्यात जास्त गुण करणारी बाई घरी, बाकीच्या खेळतायत. तेव्हापासून मला या संघाचं काहीतरी कळायला लागलं. इथं एकेकटीचा खेळ डोळे दिपवणारा असतो आणि तरी संघ हरतो.

त्यातही सगळ्यात जिव्हारी लागलेला सामना सांगते. २०२५ चा ऑगस्ट, लॉस एंजेलिस स्पार्क्सविरुद्ध. त्यांच्याकडे २० तारखेची रात्र, आपल्याकडे २१ ची सकाळ. पश्चिम किनाऱ्यावरचे सामने आपल्याला साडेसातला पडतात. बाहेर पाऊस, डबा भरायचा राहिलेला. पेज बेकर्स त्या वर्षी ड्राफ्टमध्ये पहिली आलेली, संघातली सगळ्यात नवी. तिनं २१ पैकी १७ बास्केट मारल्या. ४४ गुण. पहिल्या हंगामातल्या खेळाडूनं एका सामन्यात एवढे गुण याआधी एकदाच केले होते, १९९७ ला, लीगच्या पहिल्याच वर्षी, ह्यूस्टन कॉमेट्सच्या सिंथिया कूपरनं. त्या विक्रमाशी बरोबरी झाली आणि बझरला केल्सी प्लमनं बास्केट मारून सामना स्पार्क्सला नेला. ८१-८०. एका गुणानं.

मी टीव्ही बंद केला नाही. बेकर्स कोर्टवरून चालत जाताना दिसेपर्यंत बघत राहिले. दिवसभर ऑफिसात लक्ष लागलं नाही हे खरं, पण वाईट जेवढं वाटलं त्याहून जास्त अभिमान वाटत होता. ४४ गुण करून हरलेला तो सामना मी पुन्हा पुन्हा बघितलाय. जिंकलेल्या १० मधला एकही एवढ्या वेळा बघितला नाही.

जिंकणाऱ्या संघाचा सामना बघताना नजर गुणफलकावर असते. हरणाऱ्या संघाचा बघताना ती तिथून हटवावी लागते, नाहीतर बघवतच नाही. मग दिसायला लागतं की ही सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारी उंच खेळाडू, गेल्या महिन्यात स्क्रीन लावून (बचाव करणारीची वाट अडवून) उभी राहायची, आता लगेच वळून बास्केटकडे धावतेय. बेंचवरची बारावी खेळाडू टाइमआउटमध्ये सगळ्यात आधी उठून पाणी देतेय. वीस गुणांनी मागे असताना, चौथ्या क्वार्टरची दोन मिनिटं उरलेली असताना, कोणीतरी लूज बॉलसाठी जमिनीवर अंग टाकतंय. त्या क्षणी ती कोणासाठी पडतेय? स्टेडियममधले निम्मे लोक गाडीकडे निघालेले असतात. ते बघायला मी जागी असते.

आता संघाचा थोडा इतिहास, कारण त्याशिवाय विंग्जचा चाहता असणं म्हणजे काय ते कळणार नाही. हा संघ मूळचा डेट्रॉईटचा, डेट्रॉईट शॉक. २००२ ला ९-२३. बिल लॅम्बीर प्रशिक्षक म्हणून आले आणि पुढच्याच वर्षी, २००३ ला, २५-९ करून विजेते. अंतिम लढतीच्या शेवटच्या सामन्याला २२,०७६ प्रेक्षक होते. तळातून थेट अजिंक्यपद. मग २००६ आणि २००८ ला पुन्हा. तीन अजिंक्यपदं आणि २००९ नंतर संघ उचलून ओक्लाहोमात टल्साला नेला.

टल्सात पहिल्या वर्षी ६-२८. दुसऱ्या वर्षी, २०११ ला, ३-३१. सलग २० सामने हरले. ती माळ तुटली ती शेरिल स्वूप्सच्या हातानं. ह्यूस्टन कॉमेट्सनं पहिली चार अजिंक्यपदं सलग जिंकली त्या संघातली ही दिग्गज, ऑलिम्पिक सुवर्णपदकांची मानकरी, वय ४०. लीगमधल्या सगळ्यात वाईट संघात खेळायला आली आणि स्पार्क्सविरुद्ध शेवटच्या काही सेकंदांत बास्केट मारून तिनं ७७-७५ असा सामना जिंकून दिला. मला अंतिम सामन्यांच्या चित्रफितींपेक्षा ही जास्त आवडते. तिला त्या विजयातून काही मिळवायचं उरलं नव्हतं, तरी तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघा.

२०१५ ला टल्सा पहिल्यांदा प्लेऑफमध्ये गेलं, १८-१६ करून. त्याच हंगामात, भर जुलैत, मालकानं जाहीर केलं की पुढच्या वर्षी संघ टेक्सासला. सहा वर्षं जे लोक हार बघायला येत होते, त्यांना जीत दिसायला लागली आणि संघ गेला. २०१६ पासून तो डॅलस विंग्ज.

आणि २०२३! २२-१८, अटलांटाला २-० नं हरवून उपांत्य फेरी. तिथं लास व्हेगस एसेसकडून ०-३. मला वाटलं, आता आपले दिवस आले. पुढच्या वर्षी ९-३१.

तर एवढं आहे. कोणी बघत असेल, बघावंसं वाटत असेल, लिहा.

---

पूर्वेची_गॅलरी

ताई, लिहिलंय लई भारी. बास्केटबॉल मला कळत नाही, आपण शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघणारे. पण एक ठिकाणी अडकलो. संघ उचलून नेला म्हणजे काय? एकदा नाही, दोनदा?

आमच्या मंगळवार पेठेत तालमीचा फुटबॉल संघ हरला तर पेठेत दोन दिवस कोण कुणाशी धड बोलत नाही. जिंकला तर रात्रभर गल्ली जागी. पण संघ जातोय कुठं? खेळाडू दुसऱ्या तालमीकडं गेला तरी जीव तुटतोय माणसांचा. उद्या कोण मालक म्हणाला की तालमीचा संघ पुण्याला नेतो, तर त्याला पेठेतनं बाहेर पडू देणार नाहीत. मग तुम्ही नेमकं कुणाला मानताय? नाव बदललं, गाव बदललं, पोरी बदलल्या. उरलं काय?

राग मानू नका, खरंच विचारतोय.

---

रंकाळावेस

राग कसला दादा, मुद्द्याचंच विचारलंत. मीही यावर बराच विचार केलाय.

तालीम पेठेची असते. तिचा संघ पेठेतल्या वर्गणीवर, पेठेतल्या पोरांवर, जुन्या खेळाडूंच्या देखरेखीवर उभा असतो. अमेरिकेतला संघ मालकाचा असतो, लीगनं परवानगी दिली की तो हलतो. हे वाईट आहे असंच माझं मत आहे. डेट्रॉईटच्या लोकांवर अन्याय झाला, टल्साच्या लोकांवर त्याहून जास्त झाला.

डिऍना नोलनचं उदाहरण घ्या. मिशिगनमधल्या फ्लिंटची मुलगी, डेट्रॉईट तिच्या घरापासून जवळ. नऊ हंगाम तिथंच खेळली, २००६ च्या अंतिम लढतीत सर्वोत्तम ठरली. संघ टल्साला निघाला तेव्हा ती गेली नाही. रशियात खेळत राहिली, पण डब्ल्यूएनबीएमध्ये पुन्हा पाऊल ठेवलं नाही. तुमच्या पेठेतल्या माणसाला तिचं वागणं लगेच पटेल.

मग मी कुणाला मानते? माझ्यापुरतं उत्तर असं: त्या जर्सीत जी राबते तिला. अरीके २०१९ पासून २०२५ पर्यंत तिथंच राहिली, हार असो, जीत असो. संघ मी निवडला नव्हता, ती निवडली होती. तिच्याबरोबर खेळणाऱ्या अकरा जणी ओळखीच्या झाल्या, मग त्यांच्या जागी आलेल्या, मग आणखी. कोण बाळंतपणानंतर परत आली, कुणाचा गुडघा गेला, कोण हंगाम संपला की तुर्कस्तानला, चीनला खेळायला जाते, हे कळत गेलं. एवढं सगळं कळल्यावर सोडता येत नाही.

आणि तुम्हाला आवडेल अशी बातमी: लीगनं २०२५ च्या जूनमध्ये जाहीर केलंय की २०२९ ला डेट्रॉईटला पुन्हा संघ मिळणार. वीस वर्षांनी.

---

पूर्वेची_गॅलरी

हे बेस झालं. त्या नोलनबाईंना आपला मुजरा.

---

साधा_वाचक

धागा आवडला. एक शंका. सगळ्यात वाईट संघाला ड्राफ्टमध्ये पहिली निवड मिळते असं वाचलंय. मग मुद्दाम हरत असतील तर? २०२४ ला एवढे हरून पेज बेकर्स मिळाली, हा तर फायद्याचाच सौदा झाला.

---

रंकाळावेस

थोडं वेगळं आहे. थेट पहिली निवड मिळत नाही, सोडत असते. प्लेऑफ हुकलेले संघ त्यात असतात आणि कुणाची शक्यता किती हे मागच्या दोन हंगामांचा एकत्रित हिशेब बघून ठरतं. एकच वर्ष मुद्दाम पडून फारसा उपयोग होऊ नये म्हणून दोन वर्षं धरतात. २०२५ च्या ड्राफ्टसाठी सगळ्यात जास्त शक्यता स्पार्क्सची होती, नंबर लागला आमचा. २०२६ साठी मात्र आमच्याकडेच सगळ्यात जास्त, हजारात ४२०, आणि नोव्हेंबरच्या सोडतीत पुन्हा पहिला क्रमांक आला.

व्यवस्थापन काय डोक्यात ठेवून संघ बांधतं ते मी सांगू शकत नाही. पण कोर्टवरची खेळाडू मुद्दाम हरते, हे मी मानणार नाही. २०२५ ला या लीगमध्ये एका संघात जास्तीत जास्त १२ जणी होत्या. १३ संघ म्हणजे १५६ जागा. जगभरातून १५६. त्यातल्या बऱ्याच जणींचा करार पुढच्या वर्षापुरताही पक्का नसतो. पुढच्या वर्षी येणारी नवी पोरगी आपलीच जागा घेणार हे माहीत असताना तिच्यासाठी कोण हरेल?

---

शिट्टी

मी जिल्हा पातळीवर पंच म्हणून काम करतो, शाळांच्या मुलींना शिकवतोही. विंग्जचे सामने नियमित नाही, पण बेकर्सचे बरेच बघितलेत. रंकाळावेस ताईंनी भावनेची बाजू मांडली, मी थोडी खेळाची मांडतो.

२०२५ चा संघ सुरुवातीला १-११ असा होता. प्रशिक्षक ख्रिस कोक्लेनिस नवे, मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांचा पहिलाच हंगाम. संघ जवळजवळ सगळा नवा, आदल्या वर्षीच्या खेळाडूंमधल्या मोजक्याच राहिलेल्या. सातू साबालीसारखी खेळाडू हंगामाआधीच फिनिक्सला गेलेली. त्यात दुखापती: टायशा हॅरिस गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे बाहेर, मॅडी सीग्रिस्ट मधले कित्येक आठवडे बाहेर, ऑगस्टमध्ये नवी गार्ड जेजे क्विनर्लीचा लिगामेंट तुटला. अरीकेही गुडघ्यानं हैराण. १२ जणींच्या संघात तीन-चार जणी बसल्या की सराव सत्राला पाच विरुद्ध पाच उभे करता येत नाहीत. मग आपत्कालीन करारावर बाहेरून खेळाडू आणतात. त्या आठवड्याभरात डाव शिकणार कधी आणि बचावात एकमेकींना हाका मारायची सवय लागणार कधी?

हार तिथंच होती. गुण करण्यात विंग्ज फार मागे नव्हत्या, बचाव मात्र लीगमधल्या सगळ्यात कमकुवतांपैकी. बचाव म्हणजे बोलणं. स्क्रीन कुठून येतोय, मी बदलतेय की तू, मागे कोण आहे, हे सतत ओरडून सांगावं लागतं. रोज नव्या माणसाबरोबर ते जमत नाही. मी माझ्या मुलींना पहिला महिना फक्त हेच शिकवतो, चेंडू नंतर.

आणि एवढ्या गोंधळात बेकर्सनं सामन्याला सरासरी १९.२ गुण आणि ५.४ असिस्ट (सोबतिणीला बास्केट मिळवून देणारे पास) केले. ऑलस्टार सामन्यात पहिल्या पाचात, वर्षातली सर्वोत्तम नवोदित, ७२ पैकी ७० मतं. तिचे गुण सगळे बघतात. तुम्ही तिचे पाय बघा. डाव्या बाजूला एक पाऊल टाकून थांबते, बचाव करणारी पुढे निघून जाते आणि मग ती मोकळी. घाई नावाला नाही. २०२२ ला तिच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला होता, वर्ष वाया गेलं होतं, हे लक्षात ठेवून बघा.

हंगाम संपल्यावर कोक्लेनिस यांना काढलं. आता साउथ फ्लोरिडा विद्यापीठाच्या संघाला २५ वर्षं घडवणारे होझे फर्नांडिस आलेत. एकाच जागी २५ वर्षं टिकलेला माणूस अशा संघाला लागतोच. मला आशा आहे.

---

रंकाळावेस

शिट्टी सर, हा प्रतिसाद मी जपून ठेवणार. बचाव म्हणजे बोलणं, हे आमच्या सरांनीही सांगितलं होतं, आम्ही मात्र लाजून गप्प खेळायचो.

---

फीव्हरवाली

हात वर! मी इंडियाना फीव्हरची. आणि २०२४ नंतरची नाही, आधीची, हे आवर्जून सांगते.

केटलिन क्लार्क आल्यावर फीव्हर जगाला माहीत झाली. त्याआधी २०१७ ते २०२३ सलग सात वर्षं प्लेऑफ नाही. २०२२ ला ५-३१, शेवटचे १८ सामने सलग हरलो. त्या सगळ्या काळात एक खेळाडू तिथं होती, केल्सी मिचेल. २०१८ ला दुसऱ्या क्रमांकावर आली, पहिल्या हंगामात ६-२८ बघितलं, आणि थांबली. नवे प्रशिक्षक, नव्या सोबतिणी, नवी आश्वासनं. तिनं कधी तोंड वाकडं केलेलं मी बघितलं नाही.

२०२५ ला क्लार्क दुखापतीमुळे १३ च सामने खेळली. एकामागून एक गार्ड जखमी झाल्या. आणि मिचेलनं तो संघ ओढत उपांत्य फेरीत, पाचव्या सामन्यापर्यंत नेला. एसेसविरुद्धच्या त्या सामन्यात स्नायू इतके आखडले की ती कोर्टवर कोसळली, पाय हलेनात, दवाखान्यात न्यावं लागलं. सामना जादा वेळेत हरलो. मी त्या सकाळी रडले. त्या वर्षी तिचं नाव लीगच्या सर्वोत्तम पाचांत आलं, आठव्या हंगामात.

तुमची अरीके मला तिच्याच जातकुळीची वाटते. वाट बघा.

---

रंकाळावेस

+१००. मिचेल कोसळली तो सामना मीही बघत होते, आणि त्या दिवशी मी फीव्हरचीच होते.

---

टेक्सासकर

डॅलसजवळ राहतो, मूळ गडहिंग्लजचा. फुटबॉलवर वाढलो, इथं येऊन मुलीमुळे बास्केटबॉल लागलं.

विंग्ज अजून डॅलस शहरात खेळत नाहीत. सामने अर्लिंग्टनला, विद्यापीठाच्या आवारातल्या कॉलेज पार्क सेंटरमध्ये. एनबीएच्या मोठ्या स्टेडियमच्या मानानं लहान, सहा-सात हजार माणसांचं. त्यामुळे वरच्या रांगेतूनही बुटांचा आवाज ऐकू येतो, खेळाडू एकमेकींना काय ओरडतायत ते ऐकू येतं. शिट्टी सर म्हणतात ते बचावातलं बोलणं तिथं बसून खरंच मोजता येईल. डॅलसच्या मध्यवस्तीतलं जुनं मेमोरियल ऑडिटोरियम नीट करून संघ तिकडे नेणार आहेत, पण काम लांबतंय.

२०२५ मध्ये आम्ही गेलो ते बहुतेक सामने हरलेले बघितले. माझी मुलगी दहा वर्षांची, बेकर्सची पाच नंबरची जर्सी घालून सामन्याच्या तासभर आधी कठड्याला उभी राहते. सराव संपवून खेळाडू आत जाताना पोरींच्या वह्यांवर, बुटांवर सह्या करतात. आदल्या रात्री पंचवीस गुणांनी हरलेल्या असल्या तरी करतात. एकदा बेंचवरची, क्वचित खेळायला मिळणारी एक खेळाडू मुलीशी दोन मिनिटं बोलली, तू कुठल्या जागेवर खेळतेस, डाव्या हातानं ड्रिबल येतं का, असं. घरी येताना गाडीत पोरगी सामन्याचा निकाल विसरून गेली होती. गुण कोणाचे किती झाले ते तिनं विचारलंही नाही.

पूर्वेची गॅलरी, तुम्हाला सांगतो, घरच्या प्रेक्षकांचा आवाज बघून शाहू स्टेडियम आठवलं. लोक आपापसात अनोळखी असतात एवढाच फरक.

---

साधा_वाचक

खेळाडूंना पैसे बरे मिळतात का?

---

रंकाळावेस

बेकर्स, ड्राफ्टमधली पहिली, तिचा २०२५ चा पगार ७८,८३१ डॉलर. जाहिरातींचे वेगळे मिळतात, पण ते मोजक्या जणींना. अनुभवी खेळाडूला त्या वर्षी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलरच्या आत मिळायचे. म्हणून हंगाम संपला की विश्रांतीच्या दिवसांत परदेशी लीगमध्ये खेळायला जातात, आणि दमलेल्या, दुखऱ्या अंगानं मे महिन्यात परत येतात. २०२६ पासून लीगला प्रक्षेपणाचे ११ वर्षांत २२० कोटी डॉलर मिळणार आहेत. त्यामुळे २०२४ ला खेळाडूंच्या संघटनेनं जुना करार सोडला, आणि २०२५ च्या ऑलस्टार सामन्याआधी सगळ्या जणी एकसारखे टीशर्ट घालून सरावाला उतरल्या: आमचं जे देणं लागता ते द्या. मी त्यांच्या बाजूची आहे, शंभर टक्के.

यातच माझ्या वेडाचं आणखी एक कारण आहे. ह्यूस्टन कॉमेट्स, पहिली चार अजिंक्यपदं सलग जिंकलेला संघ, २००८ च्या हंगामानंतर बंद पडला. विकत घ्यायला कोणी मिळालं नाही. सॅक्रॅमेंटो मोनार्क्स २००५ चे विजेते, २००९ नंतर बंद. अजिंक्यपदांनी त्यांना वाचवलं नाही. बायकांच्या खेळात संघ टिकतो तो कोणीतरी हरलेल्या वर्षीही तिकीट काढतं, सामना लावतं, जर्सी घेतं म्हणून. कोल्हापुरातून माझं एक लीग पास, म्हणजे ॲपवर सामने बघायची वर्गणी, म्हणजे फार काही नाही. तरी ते मी काढणार.

---

लेकीची_आई

मी इथं नेहमी वाचते, लिहिते क्वचित. राजारामपुरीत राहतो आम्ही. लेक आठवीत, वर्गात सगळ्यात उंच, म्हणून शाळेच्या बास्केटबॉल संघात घेतली. संघ अगदी नवा आहे, प्रत्येक सामना हरतो, तोही मोठ्या फरकानं. गेल्या आठवड्यात म्हणाली, आई, मला नाही जायचं आता, आम्ही हरतोच. मी काय बोलायचं ते कळलं नाही. खेळातलं मला काही येत नाही.

हा धागा तिला वाचून दाखवला. त्या चाळीस वर्षांच्या बाईंचं ऐकून तिनं फोन ओढून घेतला आणि चित्रफीत शोधली. आता विचारते की आपल्याकडची कोणी मुलगी तिथं खेळलीय का, आणि आपल्याला सामने कुठं बघायला मिळतील. सांगाल का?

---

शिट्टी

ताई, आधी माझ्याकडून: तिच्या सरांना विचारा, प्रत्येक सामन्यात ती एकच गोष्ट कोणती मोजू शकते. बचावाचे रिबाउंड, म्हणजे समोरच्यांचा नेम चुकून परत आलेले चेंडू, किती घेतले, एवढंच मोजू दे. उंच मुलीला ते सगळ्यात लवकर जमतं, आणि सामना हरला तरी वहीतला आकडा वाढलेला दिसतो.

आपल्याकडची म्हणाल तर केरळची गीतू ॲना जोस, भारताची कर्णधार होती. २०११ ला तिला डब्ल्यूएनबीएच्या संघांनी निवड चाचणीसाठी बोलावलं, असं बोलावणं आलेली ती पहिली भारतीय बाई. जागा मिळाली नाही, पण तिथपर्यंत पोचली. आणि आपल्या महाराष्ट्राची, पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली. तिचे सामने लेकीला जरूर दाखवा, मराठी बोलणारी मुलगी त्या जागेवर बघितली की फरक पडतो.

---

रंकाळावेस

वहिनी, लेकीला माझ्याकडून शाबासकी द्या.

सामने लीगच्या स्वतःच्या ॲपवर, लीग पास घेऊन बघता येतात. आधी पैसे घालू नका, यूट्यूबवर लीगच्या अधिकृत चॅनेलवर प्रत्येक सामन्याचे ठळक भाग मोफत असतात, महिनाभर ते बघू दे. हंगाम मे महिन्यात सुरू होतो, आपल्याकडे फुटबॉल संपत आलेला असतो. डॅलसचे घरचे सामने बहुधा तिकडे संध्याकाळी सातला, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच. शाळा सुरू व्हायच्या आधीचे काही आठवडे सुट्टीतच पडतात, तेव्हा उठायला हरकत नाही. जूननंतर फक्त रविवारचे आणि पश्चिम किनाऱ्यावरचे, साडेसातचे. शाळा बुडवून नको.

पूर्ण सामना पहिल्यांदा बघताना चेंडूमागे धावू नका, एकच खेळाडू धरून तिलाच बघायचं. लेक सेंटर खेळत असेल तर २०२५ ला विंग्जकडून खेळलेली ली युएरू बघा, चीनची, साडेसहा फुटांच्या वर. ती कुठं उभी राहते आणि रिबाउंडसाठी कुठून जागा काढते ते वहीत लिहून ठेवायला सांगा. शिट्टी सरांची युक्ती इथंही चालेल.

नव्या हंगामाचं वेळापत्रक आलं की आपल्या वेळेनुसार करून याच धाग्यावर टाकते. पहिला रविवारचा सामना आमच्याकडे बघायला या दोघीही. पत्ता व्यनि करते.

---

पूर्वेची_गॅलरी

आमचा हंगाम तवर संपलेला असतोय. आम्हीपण आलो तर चालंल का? सकाळच्याला दूध कट्ट्यावरनं दूध मी घेऊन येतो.

---

रंकाळावेस

या की दादा. फक्त साडेपाच म्हणजे साडेपाच, सामना थांबत नाही. तुम्हालाही व्यनि केलाय.